न्यू जर्सीचं पीटीआय : ५ पैकी ४ स्टार, पण आधी बारीक अक्षरं वाचा

आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बिर्याणी कुठली चांगली, डेंटिस्ट कुठला स्वस्त, मूव्हर्स कोण सामान फोडत नाहीत, सगळ्याचे रिव्ह्यू मिळतात. या सर्व्हिसचा मात्र कोणी देत नाही, कारण द्यायचा तर आधी आपण ती वापरली हे सांगावं लागतं. मी स्वतः वापरली नाहीये, बायकोच्या मामेभावासाठी धावपळ केली (त्याने परवानगी दिलीय, नाव सोडून सगळं लिही म्हणाला). तेव्हा घ्या, न्यू जर्सीच्या प्री-ट्रायल इंटरव्हेन्शनचा म्हणजे पीटीआयचा रिव्ह्यू.

आधी हे काय असतं ते. तुमच्यावर गुन्हा दाखल झालाय, पहिल्यांदाच, आणि फार भयंकर नाहीये, तर सरकारी वकील म्हणजे इथला काउंटी प्रॉसिक्युटर तयार असेल तर खटला चालवायच्या आधीच बाजूला ठेवतात. तुम्ही काही महिने ते जास्तीत जास्त तीन वर्षं प्रोबेशन ऑफिसच्या देखरेखीखाली नीट वागायचं, नुकसानभरपाई द्यायची, कम्युनिटी सर्व्हिस करायची, सांगितलं तर लघवीची टेस्ट द्यायची, नवीन भानगड करायची नाही. सगळं नीट पार पडलं की केस डिसमिस. कन्व्हिक्शन, म्हणजे दोषी ठरल्याची नोंद, नाही. मध्येच फसलात तर केस जिथे थांबली होती तिथून परत सुरू. आयुष्यात एकदाच मिळतं हे, दुसरं कूपन नाही.

आमची केस अशी की मोठ्या स्टोअरमध्ये सेल्फ चेकआउटला आमचा पोरगा, म्हणजे हा मामेभाऊ, काही वस्तू स्कॅन करायचा आणि काही तशाच पिशवीत. इंजिनिअर माणूस, पगार चांगला, का केलं विचारलं तर त्यालाही धड सांगता येईना. त्याला वाटत होतं कोणी बघत नाही, आणि लॉस प्रिव्हेन्शनवाले, म्हणजे दुकानाची चोरी पकडणारी माणसं, सगळे व्हिडिओ जपून ठेवून बेरीज करत बसले होते. बेरीज पाचशे डॉलरच्या वर गेल्यावर पोलीस बोलावले. हे मुद्दाम सांगतोय कारण इथे आकड्यावर सगळं ठरतं. दोनशे डॉलरच्या आत असेल तर ती डिसऑर्डरली पर्सन्स ऑफेन्स म्हणजे किरकोळ गुन्हा, गावच्या म्युनिसिपल कोर्टात जाते. दोनशे ते पाचशे म्हणजे फोर्थ डिग्री, पाचशेच्या वर थर्ड डिग्री (डिग्रीचा आकडा जितका लहान तितका गुन्हा मोठा), आणि या दोन्ही केसेस काउंटीच्या सुपीरिअर कोर्टात. थर्ड डिग्रीला कागदावर तीन ते पाच वर्षं शिक्षा आहे. शांपू, एअरफ्रायर आणि प्रोटीन पावडरसाठी पाच वर्षं!

सांगलीहून मामींचा फोन, "जावईबापू, त्याला जेल तर नाही ना होणार? तिकडे पैसे भरून मिटवता येत नाही का?" मी म्हटलं मामी, इथे दुकानदार माघार घेऊन केस संपत नाही, केस सरकारची असते, दुकानदार फक्त साक्षीदार. आणि जेलचं म्हणाल तर खरं उत्तर जरा वेगळं आहे जे वकील सुरुवातीलाच सांगत नाहीत. थर्ड आणि फोर्थ डिग्रीच्या पहिल्या गुन्ह्याला शक्यतो कोठडी नको असा कायद्याचाच कल आहे. म्हणजे पीटीआय नसतं मिळालं तरी बहुतेक प्रोबेशनवर सुटला असता. मग पीटीआय कशापासून वाचवतं? रेकॉर्डपासून. नोकरीच्या बॅकग्राउंड चेकमध्ये, घर भाड्याने घेताना, लायसन्सच्या फॉर्मवर "कन्व्हिक्टेड" असा जो शिक्का बसतो त्यापासून. जेलला पर्याय म्हणून याची जाहिरात होते, पण आमच्यासारख्या केसमध्ये तुम्ही प्रत्यक्षात विकत घेता ते हे.

प्रोसेस. अर्जाची फी ७५ डॉलर, परत मिळत नाही, नाकारलं तरी नाही. अर्ज जितका लवकर टाकाल तितकं बरं, इंडाइक्टमेंट म्हणजे औपचारिक आरोप ठेवला जायच्या आधी टाकला तर उत्तमच. मग कोर्टाच्या क्रिमिनल डिव्हिजनमधल्या ऑफिसरबरोबर इंटरव्ह्यू, शिक्षण काय, घरी कोण, व्यसन आहे का, हे का केलं, पुढे काय. तिथली बाई अतिशय नीट बोलली, यासाठी एक स्टार वेगळा. दरडावणी नाही, उपदेश नाही, समोर माणूस बसलाय असं वागली. पोराने आयुष्यात पहिल्यांदा कोणासमोर सांगितलं असेल की लेऑफची भीती डोक्यात बसली होती, रात्र रात्र झोप नव्हती, दुकानात जाऊन काहीतरी फुकट आणलं की बरं वाटायचं. आम्हाला घरच्यांना हे माहीतच नव्हतं. कायद्यात अशी तरतूद आहे की या प्रोग्राममध्ये तुम्ही गुन्ह्याबद्दल जे बोलता ते त्याच केसमध्ये प्रॉसिक्युटरच्या हातात तुमच्याविरुद्ध जात नाही, म्हणून माणूस जरा मोकळा बोलू शकतो. तरी आमच्या वकीलबाईंनी लेखी पत्रात मात्र कबुलीची वाक्यं ठेवू दिली नाहीत, त्याचं कारण पुढे येतं.

त्या ऑफिसरची शिफारस झाली की कागद प्रॉसिक्युटरकडे जातात, आणि इथे सर्व्हिस स्लो होते. किती स्लो? आमच्या काउंटीच्या (नाव लिहीत नाही) ऑफिसमध्ये फाइल एका असिस्टंट प्रॉसिक्युटरकडून दुसऱ्याकडे गेली, पहिल्याची बदली झाली म्हणे, मध्ये कोणीच फोन उचलत नव्हतं, कोर्टाची तारीख पुढे, परत पुढे. या काळात माणूस ना आरोपी ना सुटलेला असा लटकलेला असतो आणि पोटात गोळा घेऊन ऑफिसात स्टँडअप मीटिंग करतो. एक स्टार इथे कापला.

प्रॉसिक्युटर काय बघतो तर कायद्यात सतरा निकष दिलेत. गुन्ह्याचं स्वरूप, वय, हेतू, फिर्यादीची इच्छा, समाजाला काय हवं, आधीचा रेकॉर्ड, वगैरे वगैरे. यादी एवढी लांब की हो म्हणायचं असेल तरी कारण सापडतं आणि नाही म्हणायचं असेल तरी. हिंसा असेल, फर्स्ट किंवा सेकंड डिग्री असेल, सरकारी पदावर बसून केलेलं असेल तर दार जवळजवळ बंदच. नकार मिळाला तर जजकडे अपील करता येतं पण जजने प्रॉसिक्युटरचं म्हणणं फिरवायचं तर त्याने अधिकाराचा उघड आणि घोर गैरवापर केला असं दाखवावं लागतं, १९७० च्या दशकातल्या लिओनार्डिस केसपासून हा नियम आहे, आणि ते दाखवणं महाकठीण. थोडक्यात चावी एकाच माणसाच्या खिशात. न्यू जर्सीत २१ काउंट्या, प्रत्येकीचा प्रॉसिक्युटर वेगळा, आणि बाकीच्या बहुतेक राज्यांसारखा तो निवडून येत नाही, गव्हर्नर नेमतो. निवडणुकीचं प्रेशर नाही हे चांगलं, पण एका काउंटीत सहज मिळणारी गोष्ट शेजारच्या काउंटीत मिळेलच असं नाही, हे मला पटत नाही. गुन्हा तोच, रस्ता ओलांडला की निकाल वेगळा.

आता ती बारीक अक्षरं. तुम्ही सिटिझन असाल तर हा पॅराग्राफ सोडा. एच-वन (नोकरीचा व्हिसा), एफ-वन (विद्यार्थ्यांचा), ग्रीन कार्ड असेल तर दोनदा वाचा.

अमेरिकन इमिग्रेशन कायद्यात कन्व्हिक्शनची व्याख्या वेगळी आहे. तुम्ही गिल्टी प्ली दिली, म्हणजे कोर्टात "मी दोषी" म्हणालात, किंवा गुन्हा सिद्ध व्हायला पुरतील एवढ्या गोष्टी कोर्टात कबूल केल्या, आणि त्यावर जजने कसलंही बंधन घातलं, तर पुढे राज्याच्या कोर्टाने केस डिसमिस केली तरी इमिग्रेशनवाल्यांच्या लेखी ते कन्व्हिक्शनच राहतं. नेहमीच्या पीटीआयमध्ये गिल्टी प्ली मागत नाहीत, म्हणून आपल्या लोकांसाठी ते सोनं आहे. पण २०१५ मध्ये कायदा बदलला आणि काही केसेसमध्ये, म्हणजे घरगुती हिंसेच्या किंवा वरच्या डिग्रीच्या गुन्ह्यांत, आधी गिल्टी प्ली द्या मगच पीटीआय असं झालं. नवरा-बायकोच्या भांडणात शेजाऱ्याने पोलीस बोलावले आणि वकिलाने "पीटीआय मिळवून देतो" म्हटलं की लोक खुश होऊन सही करतात. भाऊ, थांब, विचार की प्ली आहे का त्यात.

तसंच म्युनिसिपल कोर्टात २०१४ पासून कंडिशनल डिसमिसल म्हणून प्रोग्राम आहे, छोट्या गुन्ह्यांसाठी, एक वर्षाचा, ऐकायला पीटीआयचा धाकटा भाऊ. फरक एवढाच की तिथे आधी गिल्टी प्ली द्यावी लागते किंवा गुन्हा सिद्ध व्हावा लागतो. आम्हालाही एका ओळखीच्या काकांनी (स्वतः वकील नाहीत, पण सगळं माहीत असणारे एक काका प्रत्येक मंडळात असतात) छातीठोक सांगितलं की प्रॉसिक्युटरला सांगून केस खाली आणा, म्युनिसिपलमध्ये मिटवून टाका, स्वस्तात पडतं. वकीलबाई म्हणाल्या थांबा, मला गणित मांडू दे. इमिग्रेशनवाले चोरी हा नैतिक अधःपतनाचा गुन्हा धरतात. छोट्या गुन्ह्याचं एकच प्रकरण असेल तर त्याला अपवाद आहेत, लगेच कोणी विमानात बसवत नाही, पण एकदा ते कन्व्हिक्शन मोजलं गेलं की पुढे जरा काही झालं तर दुसरं धरलं जातं. ड्रग्जच्या केसमध्ये तर हे फारच महागात पडू शकतं. त्यामुळे कुठला रस्ता "हलका" आहे हे कोर्टाच्या पाटीवरून ठरत नाही, व्हिसावरून ठरतं. २०१० मध्ये इथल्या सुप्रीम कोर्टाने पडिला केसमध्ये सांगितलंय की इमिग्रेशनवर काय परिणाम होणार हे क्रिमिनल वकिलाने अशिलाला सांगायलाच हवं. तरी सगळे सांगतातच असं नाही. एक क्रिमिनल आणि एक इमिग्रेशन असे दोन वकील एका कॉलवर बसवा, तासाचे पैसे जातील, जाऊ देत.

आणि अजून एक, केस डिसमिस झाली तरी अटक झाली होती हे पुसलं जात नाही. व्हिसाच्या डीएस-१६० फॉर्मवर "कधी अटक झाली होती का" असा सरळ प्रश्न आहे, सिटिझनशिपच्या अर्जावरही आहे, आणि तिथे एक्स्पंज झालं, म्हणजे कोर्टाने रेकॉर्ड पुसलं, म्हणून "नाही" लिहिणं म्हणजे नवा गुन्हा. जुलै २०२५ मध्ये दिल्लीतल्या अमेरिकन एम्बसीने जाहीरच सांगितलं होतं की चोरी-मारामारी केलीत तर व्हिसा रद्द होऊ शकतो. त्यामुळे आमच्या पोराला वकिलाने बजावलं की केस पूर्ण संपेपर्यंत व्हिसाच्या स्टँपिंगला भारतात जायचं नाही. प्रोबेशन ऑफिसरची परवानगी काढून बाहेर जाता येतं हो, पण परत येताना त्याची परवानगी चालत नाही. तो दोन गणपती इथेच बसून होता.

बरं, मी हे कोणाला सांगितलं की पहिली प्रतिक्रिया ठरलेली, "म्हणजे चोरांना मोकळं सोडतात की काय!" मलाही आधी थोडं तसंच वाटायचं, म्हणून वाचत गेलो. टेक्ससमधल्या हॅरिस काउंटीत, म्हणजे ह्यूस्टन, पहिल्यांदा फेलनीत म्हणजे गंभीर गुन्ह्यात अडकलेल्या लोकांचा अभ्यास झालाय. ज्यांना कन्व्हिक्शनऐवजी अशी संधी मिळाली त्यांचं पुढच्या दहा वर्षांत परत गुन्हा करण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं आणि नोकरीत असण्याचं प्रमाण जवळपास दीडपट झालं. बॉस्टनच्या सफोक काउंटीचा अभ्यास तर अजून मजेशीर. तिथे किरकोळ, बिनहिंसेच्या गुन्ह्यांत कुठला असिस्टंट प्रॉसिक्युटर केस बघतोय हा निव्वळ योगायोग, कोणी कडक कोणी मऊ, तेव्हा अगदी काठावरच्या केसेस बघितल्या. ज्यांच्यावर खटला चालवलाच नाही त्यांच्यावर पुढच्या दोन वर्षांत नवीन तक्रार येण्याची शक्यता ५० टक्क्यांहून जास्त घटली. म्हणजे सोडून दिल्याने माणूस सोकावतो हे आपल्याला जितकं उघड सत्य वाटतं तितकं ते नाहीये. सोकावणारे असतातच, पण बहुतेकांचं कन्व्हिक्शनमुळे नोकरी-घर गेल्यावर जे होतं ते जास्त वाईट असतं.

कल्पना काही नवी नाही. मिशिगनमधल्या फ्लिंटला १९६५ मध्येच प्रॉसिक्युटरने सज्ञान माणसांसाठी असं सुरू केलं होतं, आपल्या न्यूअर्कला १९७० मध्ये नोकरी मिळवून देणाऱ्या प्रोजेक्टच्या रूपात आलं. ब्रुकलिनच्या डिस्ट्रिक्ट ॲटर्नीने (तिकडच्या प्रॉसिक्युटरने) १९९० मध्ये तर ड्रग्ज विकताना पकडलेल्या, आधीही शिक्षा झालेल्या, म्हणजे ज्यांना जेल नक्की होती अशा व्यसनी लोकांना जेलऐवजी दीड-दोन वर्षं निवासी उपचाराला पाठवायला सुरुवात केली. माझ्या मते खरी हिंमत ती. शांपू चोरणाऱ्या इंजिनिअरला सोडणं सोपं आहे हो, त्याच्या पाठीशी दोन वकील आणि जावईबापू असतात. तिथे मात्र १९९८ पासून आधी गिल्टी प्ली घेऊन शिक्षा डोक्यावर टांगून ठेवायचे, मध्येच पळालास तर सरळ आत. त्या लोकांसाठी तो धाक उपयोगी पडला, पण व्हिसावाल्यासाठी हेच मॉडेल घातक, आता कळलं असेल का.

उलट बाजूही आहे. सत्तरच्या दशकात मॅनहॅटनमधल्या अशा एका प्रोग्रामची नीट तपासणी झाली तेव्हा निघालं की आत घेतलेल्यांपैकी बऱ्याच जणांना तसंही जेल झालीच नसती, कित्येकांच्या केसेस आपोआप पडल्या असत्या. म्हणजे पर्यायाच्या नावाखाली जे सुटणारच होते त्यांनाच वर्षभर हजेरी लावायला लावलं. म्हणून केस कमकुवत असेल, व्हिडिओत तुम्ही नाहीच, सामान मित्राचं होतं, असं काही असेल तर घाईघाईत पीटीआय घेऊ नका. ते एकदाच मिळतं, न केलेल्या गुन्ह्यावर का वाया घालवायचं.

आणि गरीब माणसाचं काय? फीमध्ये सवलत मागता येते, पब्लिक डिफेंडर म्हणजे सरकारी खर्चाचा वकील मिळतो, हे खरं. पण कम्युनिटी सर्व्हिस शनिवारी करायची तर ज्याची शनिवारी शिफ्ट आहे त्याची मजुरी बुडते, प्रोबेशनला रिपोर्ट करायला गाडी लागते, न्यू जर्सीत गाडीशिवाय माणूस म्हणजे पांगळा. आमच्या पोराने फूड बँकेत डबे लावले, ऑफिसातून हाफ डे काढून रिपोर्टिंग केलं, कोणी पगार कापला नाही. त्याच्याबरोबर तिथे डबे लावणारा एक जण गोडाऊनमध्ये रात्रपाळी करून थेट यायचा आणि उभ्या उभ्या झोपायचा. दोघांची "शिक्षा" कागदावर सारखीच. (जर्मनीत तर पैसे भरून खटला थांबवायची सोयच आहे, फॉर्म्युला वनच्या एक्लस्टननी २०१४ मध्ये म्युनिकला १०० मिलियन डॉलर भरून लाचखोरीची केस बंद करून घेतली होती. मामींना हे सांगितलं तर म्हणाल्या, मग मी काय वेगळं विचारत होते!)

मामींनी नंतर विचारलं आपल्याकडे असं काही आहे का. म्हटलं आहे थोडंसं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत पहिल्या चोरीला, माल पाच हजार रुपयांच्या आतला असेल आणि परत केला तर समाजसेवेची शिक्षा आलीय. पण ती शिक्षा आहे, दोषी ठरवल्यावरची. प्रोबेशन ऑफ ऑफेंडर्स ॲक्ट १९५८ चा, तोही दोषी ठरल्यावरच लागतो. सरकारी वकिलाने अटी घालून खटला बाजूला ठेवायचा, नीट वागलास तर संपला, असं सज्ञान माणसांसाठी आपल्याकडे नाही. कोर्टाच्या परवानगीने खटला मागे घेता येतो, पण ते कोणासाठी वापरलं जातं हे पेपर वाचणाऱ्याला सांगायला नको. आणि २०२२ च्या सरकारी आकड्यांनुसार तुरुंगातल्या चारपैकी तीन लोकांचा निकालच लागलेला नाही. तिथे अशा सर्व्हिसला गिऱ्हाईक कमी पडणार नाही.

जाता जाता दोन-तीन कामाच्या गोष्टी. स्टोअरच्या वकिलाकडून पैसे मागणारं पत्र येईल, ते वेगळं प्रकरण, ते भरल्याने फौजदारी केस संपत नाही, आणि भरायचं की नाही हे आपल्या वकिलाला विचारून ठरवा. दुकानाच्या मागच्या खोलीत कोणी "कोर्स करा, एवढे डॉलर भरा, पोलीस बोलवत नाही" म्हटलं तर ते सरकारी डायव्हर्जन, म्हणजे पीटीआयसारखा प्रोग्राम, नव्हे. अशाच एका खासगी कंपनीच्या धंद्याला २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोर्टाने खंडणी म्हटलंय.

केस डिसमिस झाल्यावर सहा महिन्यांनी एक्स्पंजमेंटला अर्ज करता येतो. लोक आनंदाच्या भरात तो लगेच करतात, आणि मग वर्षांनी कॉन्सुलेटचा ऑफिसर कोर्टाचा शिक्का असलेला निकालाचा कागद मागतो तेव्हा कोर्टात फाइलच उघडत नाही. म्हणून एक्स्पंज करायच्या आधी कोर्टातून सर्टिफाइड डिस्पोझिशन, म्हणजे हाच शिक्क्याचा कागद, काढून घ्या, चार-पाच कॉप्या, एक इथे, एक भारतात घरी, एक वकिलाकडे. आमच्याकडे खिडकीवरचा माणूस म्हणाला एक पुरे. ऐकू नका, जास्तीच्या मागा.